भीती असतानाच पाऊल टाकायचं: विश्वासात नवीन असणाऱ्यांसाठी

नवीन विश्वासी मंडळींकडून एक प्रश्न मला हमखास येतो. शब्द वेगळे असतात पण मुद्दा तोच, की प्रभूवर विश्वास ठेवला, प्रार्थना करते, उपासनेला जाते, तरी रात्री छातीत धडधडतंच, नोकरीचं टेन्शन येतंच, घरच्यांना काय वाटेल हा विचार डोक्यातून जातच नाही, मग माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?

नाही हो, खोट नाहीये. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली म्हणून आज सविस्तर लिहितेय, म्हणजे तुमची तरी तेवढी वर्षं वाचतील. आपण काय समजतो, की आधी भीती जाईल, मग धैर्य येईल आणि मग आपण पाऊल टाकू. बायबलमध्ये जवळजवळ सगळीकडे याच्या उलट दिसतं, आधी पाऊल पडतं, तेही थरथरत, आणि बळ वाटेत मिळतं. खाली जे काही सांगतेय ते याच एका गोष्टीवर उभं आहे, पायरीपायरीने सांगते, पण एकदम सगळ्या पायऱ्या चढायला जाऊ नका.

पहिली पायरी: भीतीला पाप म्हणणं थांबवा

यहोशवाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे गेलाय, एवढ्या लोकांची जबाबदारी यहोशवावर आलीय, आणि त्या एकाच अध्यायात देव त्याला तीनदा सांगतो की खंबीर हो, हिंमत धर, आणि शेवटी लोकही तेच म्हणतात, म्हणजे एकूण चार वेळा. आता विचार करा, ज्याला भीतीच वाटत नाही त्याला कोणी चारचारदा असं सांगेल का? आणि देव रागावून सांगत नाहीये, कारणही देतोय, की तू जाशील तिथे मी तुझ्याबरोबर आहे.

गिदोन तर मला फारच जवळचा वाटतो. शत्रूच्या भीतीने तो गहू झोडपायला उघड्या खळ्यात नाही तर द्राक्षकुंडात लपून बसलाय आणि देवदूत येऊन त्याला म्हणतो, हे शूर वीरा. पुढे देव त्याला मूर्तीची वेदी मोडायला सांगतो तेव्हा तो ते काम रात्री करतो, आणि शास्ते ६:२७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की घरच्यांना आणि गावातल्या लोकांना घाबरून त्याने ते दिवसा केलं नाही. पण केलं! रात्री केलं म्हणून देवाने ते कुठे नाकारलेलं नाही. तुमच्याकडे आज रात्रीपुरतंच धैर्य असेल तर रात्री करा.

म्हणून सुरुवात इथून करा: एक कागद घ्या आणि तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते लिहा. "टेन्शन आहे" असं मोघम नको, "सोमवारी साहेबांसमोर चूक कबूल करायची आहे, नोकरी जाईल असं वाटतं" असं पूर्ण वाक्य लिहा. कागद कोणाला दाखवायचा नाही. भीतीला नाव दिलं की ती निदान कागदाएवढी तरी होते, नाहीतर ती अख्खी खोली व्यापून बसते.

दुसरी पायरी: रोजची दहा मिनिटं

वचनवाचन. नवीन लोक इथे जोशात सुरू करतात, उत्पत्तीपासून वाचायला घेतात, निर्गम अर्धं होतं, लेवीयमध्ये अडकतात आणि मग बायबल जे बंद होतं ते होतंच. तसं करू नका. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरू करा, येशूच्या जीवनाची हकिकत सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, सोळाच अध्याय, रोज एक वाचला तरी सोळा दिवसांत होतं. त्यात प्रभू येशू सतत चालतोय, लोकांना भेटतोय, हात लावतोय, आणि शिष्य सतत गोंधळतायत आणि घाबरतायत. त्यांच्यात स्वतःला ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र घ्या, १५० आहेत, ११७ वं फक्त दोन वचनांचं आहे आणि ११९ वं १७६ वचनांचं, ते एकाच दिवसात संपवायची काहीच घाई नाही.

वेळ सकाळचीच हवी असा नियम नाही, पण मोबाईल हातात घेण्याआधीची असली तर फार फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगतेय. एकदा नोटिफिकेशन बघितली की मन तिकडेच राहतं आणि डोळे नुसते ओळींवरून फिरतात. मी एक साधी वही ठेवते, डाव्या पानावर तारीख आणि त्या दिवशी मनाला लागलेलं एक वचन, उजव्या पानावर एकच ओळ, की आज यामुळे मी काय वेगळं करणार. कधीकधी उजवं पान रिकामं राहतं, राहू दे.

आता वाचायचं कसं, यावर जरा थांबते कारण खूप निराशा इथूनच सुरू होते. आपल्याला एकेकटी वचनं वाचायची सवय लागलीय, सुंदर फोटोवर लिहिलेली, ग्रुपवर फॉरवर्ड झालेली. पण मूळ लिखाणात हे अध्याय आणि वचनांचे आकडे नव्हतेच, ते कितीतरी शतकांनी सोयीसाठी घातले गेले, नव्या करारातले वचनांचे आजचे आकडे तर १५५१ साली छापलेल्या आवृत्तीपासून आलेत. म्हणून आवडलेल्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचल्याशिवाय त्यावर भार टाकू नका. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, हे वचन आपण परीक्षेला, इंटरव्ह्यूला, सगळीकडे लावतो. पण ते एका पत्रातलं आहे, बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात देव म्हणतो की सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर तुम्हाला परत आणीन. सत्तर! ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं आयुष्य तिथेच संपणार होतं. आणि तोपर्यंत काय करा, तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं कळल्यावर ते वचन छोटं होत नाही, उलट खरं वजन येतं त्याला, कारण ते अडकलेल्या माणसांना दिलेलं आहे.

तसंच ते "भिऊ नको बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक" हे वाक्य. ऐकायला गोड आहे, पण मोजायला बसलं तर तेवढं भरत नाही, भाषांतर बदललं की आकडाही बदलतो. खूप वेळा आहे एवढं खरं आणि तेवढं पुरतं. आपल्या विश्वासाला खोट्या आकड्याचा टेकू कशाला?

तिसरी पायरी: प्रार्थना लहान करा आणि खरी करा

मंडळीत कोणीतरी उभं राहून पंधरा मिनिटं सुंदर शब्दांत प्रार्थना करतं आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्याला हे कधी जमणार. येशूचा शिष्य पेत्र, त्याची प्रार्थना बघा, पाण्यावर चालताना वारा बघून घाबरला, बुडायला लागला आणि ओरडला, प्रभूजी, मला वाचवा. बस, तीन शब्द. आणि येशूने लगेच हात पुढे केला, आधी हात धरला, अल्पविश्वासी का झालास हे नंतर विचारलं, हा क्रम मला फार धीर देतो.

नहेम्याचं तर अजून बारीक आहे. तो राजाला द्राक्षारस देणारा चाकर, राजा त्याला विचारतो तुला काय पाहिजे, आणि नहेम्या २:४ मध्ये लिहिलंय की त्याने स्वर्गाच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या एका श्वासात केलेली प्रार्थना! हे आजच करून बघा, मीटिंगमध्ये, डॉक्टरांच्या केबिनच्या दाराशी, अवघड फोन उचलायच्या आधी, मनातल्या मनात "प्रभू, आता मदत कर". पण एक लक्षात घ्या, याच नहेम्याने त्याआधी कितीतरी दिवस उपास करून, रडून प्रार्थना केलेली होती, पहिल्याच अध्यायात आहे. एका श्वासाची प्रार्थना त्या सवयीतून आलेली होती.

आणि शंका असतील तर त्या पण प्रार्थनेत आणा. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही, आणि तरी त्याचा मुलगा बरा झाला. १३ वं स्तोत्र "किती वेळ" असं चार वेळा विचारून सुरू होतं, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. असं स्तोत्र देवाने आपल्या ग्रंथात राहू दिलं, यावरूनच समजा की रडक्या प्रार्थनेची त्याला लाज वाटत नाही.

चौथी पायरी: आजचं आजच

अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, रोज मिळायचा, ज्या त्या दिवसापुरता. उद्याची सोय म्हणून कोणी ठेवला की त्यात किडे पडायचे आणि वास यायचा, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर आज दे असंच मागतो, वर्षभराची नाही. मला वाटतं धैर्याचंही असंच आहे. पुढच्या महिन्यातल्या ऑपरेशनचं धैर्य आज मागितलं तर ते आज मिळणार नाही, कारण ऑपरेशन आज नाहीये.

मघाशी लिहिलेला कागद परत काढा. मधोमध रेघ मारा, एका बाजूला "आज करता येण्यासारखं" आणि दुसऱ्या बाजूला "आजचं नाही". पहिल्या बाजूला बहुतेक एखादीच गोष्ट येते, एक फोन, एक फॉर्म, एक कबुली. ती करा. दुसरी बाजू मोठ्याने वाचून प्रभूच्या हातात द्या आणि कागद बायबलमध्ये ठेवून द्या. उद्या परत भीती येईल, तेव्हा परत द्यायची, यात हरल्यासारखं काही नाही, मान्नाही रोजच उचलावा लागायचा.

पाचवी पायरी: आठवड्याला एक धैर्याचं काम

धैर्य म्हटलं की आपल्याला सिंहांच्या गुहेतला दानीएल आठवतो. पण दानीएल सहाव्या अध्यायात गुहेच्या आधी काय आहे ते वाचा, तो नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. गुहेचा दिवस एकच होता, त्यामागे रोजचं तीनदा गुडघे टेकणं कितीतरी वर्षांचं होतं.

म्हणून काम छोटं निवडा. ऑफिसमध्ये खोट्या बिलावर सही करायला नम्रपणे नाही म्हणणं. कोणी विचारलं की तू बदललीस कशी, तर विषय न टाळता "मी प्रभू येशूवर विश्वास ठेवते" एवढं एक वाक्य शांतपणे बोलणं. ज्याच्याशी सगळे तुटक वागतात त्याच्या शेजारी जाऊन बसणं. चूक कबूल करणं.

माझं एक सांगते. मोठ्या भावाशी माझं बोलणं बंद होतं, आणि चूक माझी होती, मी रागाच्या भरात चारचौघांत त्याला लागेल असं बोलले होते. मी महिनोन्महिने प्रार्थना करत होते की प्रभू, मला त्याला फोन करायची हिंमत दे. एक दिवस मत्तय ५ मध्ये वाचलं की वेदीजवळ अर्पण आणलंय आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, आणि मला कळलं की हिंमत दे म्हणत मी काम पुढे ढकलतेय. वही तशीच उघडी ठेवली आणि फोन लावला. हात इतके गार पडले होते की मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता. तो "बोल" म्हणाला आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले, "दादा, माझं चुकलं" एवढंच निघालं. तो लगेच विरघळला वगैरे काही नाही, थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, जेवलीस का? नातं पूर्ववत व्हायला पुढे बरेच महिने गेले. पण भीती फोन लावल्यानंतर गेली, आधी नाही.

इथे एक महत्त्वाचं, कृपा करून नीट वाचा. मारहाण, छळ, धमक्या सहन करत राहणं याला धैर्य म्हणत नाहीत आणि क्षमा करणं म्हणजे परत त्या हाताखाली जाऊन उभं राहणं नव्हे. शौल राजाने दाविदावर भाला फेकला तेव्हा दावीद पळून गेला, आणि प्रेषित पौलाला दिमिष्क शहरात लोक मारायला टपले होते तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं. सुरक्षित जागी जाणं आणि मदत मागणं हेही विश्वासाचंच पाऊल आहे, आणि कोणी वचन दाखवून तुम्हाला सहन कर म्हणत असेल तर ते वचन चुकीच्या जागी वापरलं जातंय.

सहावी पायरी: झोप आणि जेवण

याला अध्यात्म म्हणायचं का असं वाटेल, पण १ राजे १९ वाचाच. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याचा एवढा मोठा विजय झाला आणि त्यानंतर ईजबेल राणीच्या एका धमकीने तो जीव घेऊन पळाला, चाकराला मागे ठेवून एकटाच अरण्यात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपला. देवाने काय पाठवलं? उपदेश नाही. देवदूताने त्याला हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. खाल्लं, पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, ऊठ, खा, नाहीतर प्रवास तुला झेपणार नाही. मग त्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबला पोहोचला, आणि तिथे कुठे देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला. दोन वेळा जेवण आणि दोन वेळा झोप, मग बोलणं.

म्हणून विश्वास आटल्यासारखा वाटला की आधी बघा, किती रात्री नीट झोप झालेली नाही. आणि उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही, भाकर आणि पाणी पाठवणारा देव डॉक्टरही वापरतो.

सातवी पायरी: एकटे चालू नका

मंडळीत नियमित जा, पण फक्त उपासनेला जाऊन मागच्या मागे निघून येऊ नका. एक माणूस शोधा, पाळकच पाहिजे असं नाही, तुमच्या आधी काही वर्षं चालत असलेलं, ऐकून घेणारं आणि गोष्ट पोटात ठेवणारं कोणी. पौलालासुद्धा असा माणूस लागला, आधी तो विश्वासणाऱ्यांचा छळ करायचा म्हणून धर्मांतरानंतर यरुशलेममधले शिष्य त्याला घाबरत होते, कोणी जवळ करेना, तेव्हा बर्णबा नावाचा एक विश्वासी त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. आणि काही दिवसांनी तुम्हीही कोणाचे तरी बर्णबा व्हाल, तेव्हा काय करायचं ते आताच सांगून ठेवते.

माझे वडील आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. रात्री बाहेर कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, मोबाईल बंद पडायला आलेला, प्रार्थनेचे शब्द संपलेले, नुसतं "प्रभू, इथे ये" एवढंच मनात चाललेलं. फोनवर वचनं येत होती, सगळी खरी, प्रेमानेच पाठवलेली, पण एकही आत जात नव्हतं. मग मंडळीतल्या एक मावशी आल्या, चार्जर आणि शाल घेऊन. शाल माझ्या खांद्यावर टाकली, चार्जर भिंतीला लावला आणि शेजारी बसल्या. पहाटेपर्यंत त्या बहुतेक काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री देव मला सोडून गेला नाहीये हे मला त्या चार्जरमुळे कळलं, खरंच सांगते.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पण आधी सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले होते, आणि त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच, बोलायला लागले आणि घोळ झाला. तेव्हा दुःखात असलेल्याला "देवाची काहीतरी योजना असेल" हे घाईने सांगू नका. जा, बसा, पाणी द्या, काय करू असं विचारा.

आठवी पायरी: पडल्यावर

पडाल. रागावाल, खोटं बोलून जाल, विश्वासाबद्दल कोणी विचारलं तर विषय बदलाल. पेत्राने कोळशांच्या शेकोटीपाशी उभं राहून तीनदा येशूला नाकारलं. योहान २१ मध्ये पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर त्याच्यासाठी न्याहारी तयार ठेवतो आणि तिथेही कोळशांचा विस्तव आहे. त्याच वासात, त्याच धगीत तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि तीनदा काम सोपवतो. तू असं का केलंस हे एकदाही विचारलेलं नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी परत या. पुढच्या रविवारची वाट बघू नका, आणि चार दिवस वाचलं नाही म्हणून पाचव्या दिवशी पाच अध्याय वाचून भरपाई करायला जाऊ नका, जिथे सोडलं तिथून पुढचा अध्याय वाचा.

आणि उत्तर आलंच नाही तर

हे नवीन लोकांना सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगते. माझे वडील बरे झाले नाहीत, सहाव्या दिवशी गेले. मी विश्वासाने मागितलं होतं, अख्ख्या मंडळीने मागितलं होतं. पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळो म्हणून तीनदा तीच प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्यामुळे तुमचं मागणं मिळालं नाही तर तुम्ही मागायला कमी पडलात असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. का असं झालं याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, पण मी कोणापाशी रडतेय हे मला माहीत आहे आणि तो स्वतः आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी रडलेला आहे.

तर आज एवढंच करा. झोपताना मोबाईल हाताला लागणार नाही असा लांब ठेवा, उशाशी बायबल ठेवा, मार्कचा पहिला अध्याय उघडून खूण घालून. पंचेचाळीस वचनं आहेत. पस्तिसाव्या वचनात येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करायला गेलाय, आणि शेवटी एक कुष्ठरोगी त्याच्यासमोर गुडघे टेकून म्हणतो, तुमची इच्छा असली तर. तिथे जरा थांबा, येशू काय उत्तर देतो ते स्वतः वाचा आणि मग तुमचा कागद घ्या.